सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक

'अभिनंदन! आपल्या ई-मेलच्या पत्त्यास पाच लाख पौंडांची लॉटरी लागली आहे.' किंवा 'मी एका दिवंगत मंत्र्याची पत्नी असून माझे दोन कोटी डॉलर बँकेत अडकले आहेत. आपण मदत केल्यास त्यातील तिसरा हिस्सा आपला.' अशी पत्रे कधीच आली नाहीत, असा ई-मेल वापरणारा माणूस सापडणे कठीण. लॉटरीचे तिकीट आपण काढलेले नसते आणि मंत्र्याच्या पत्नीशी आपली ओळखही नसते. आपण हसतो आणि पत्र पुसून टाकतो. यांच्या जोडीला औषधे, नकली घड्याळे, झटपट कर्ज यांच्या न मागितलेल्या जाहिराती असतात. या साऱ्या आगंतुक टपालाला 'स्पॅम' म्हणतात. कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीच्या मोजणीनुसार २०२३ साली जगातील एकूण ई-मेलपैकी सुमारे ४५ टक्के ई-मेल या जातीचे होते.

इथे एक प्रश्न पडतो. बहुतेक सगळेच जर ही पत्रे पुसून टाकत असतील, तर ती वर्षानुवर्षे येत का राहतात? पाठवणाऱ्याला यात काय मिळते? या प्रश्नाचे उत्तर संगणकशास्त्रात थोडे आणि अंकगणितात जास्त आहे. नववीच्या विद्यार्थ्याला जमेल एवढ्याच गुणाकार-भागाकारात ते सापडते. या लेखात आपण तोच हिशेब करून पाहू.

टपालाचा खर्च कोण करतो?

आधी साध्या पोस्टकार्डाचा विचार करू. 'हे पत्र मिळताच अशीच अकरा पत्रे लिहून पाठवा, नाही तर अनिष्ट घडेल' अशा मजकुराची कार्डे पूर्वी घरोघर येत. ती पाठवणाऱ्याला प्रत्येक कार्डाचे पैसे मोजावे लागत आणि प्रत्येक कार्ड हाताने लिहावे लागे. त्यामुळे भीती वाटली तरी माणूस अकरा कार्डांवर थांबे. अकरा लाख कार्डे कोणी लिहीत नसे. पाठवणाऱ्यावर पडणारा खर्च ही एक चाळणीच होती.

ही चाळणी आपोआप आलेली नाही. ब्रिटनमध्ये १८४० पूर्वी पत्राचा आकार बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल केला जाई. रोलंड हिल यांच्या सुधारणेनंतर पाठवणाऱ्याने आधीच एक पेनीचे तिकीट लावायचे, ही पद्धत रूढ झाली. भारतात १८५४ पासून अर्ध्या आण्याचा सरसकट दर आला. आजही तिकीट न लावता पत्र टाकले, तर पोस्टमन घेणाऱ्याकडे दुप्पट पैसे मागतो आणि ते पत्र नाकारण्याचा अधिकार घेणाऱ्याला असतो.

ई-मेलने हा हिशेब उलटा केला. मजकूर एकदाच लिहायचा आणि पत्त्यांची यादी जोडायची. एक हजार पत्रे पाठवल्यानंतर एक हजार एकावे पत्र पाठवायला जो जादा खर्च येतो, त्याला अर्थशास्त्रात 'सीमांत खर्च' म्हणतात. ई-मेलच्या बाबतीत हा सीमांत खर्च जवळजवळ शून्य आहे. उलट घेणाऱ्याला मात्र खर्च येतोच: पत्र साठवायला जागा, ते वाहून आणणारे जाळे, ते गाळणारी यंत्रणा आणि पुसून टाकण्यात जाणारा वेळ. एकाने केलेल्या कामाचा जो भार त्या व्यवहारात नसलेल्या दुसऱ्यावर पडतो, त्याला 'बाह्य खर्च' म्हणतात. कारखान्याने नदीत सोडलेले सांडपाणी हे त्याचे नेहमीचे उदाहरण. स्पॅम हे टपालातील सांडपाणी होय.

हा धोका जाणकारांना लवकरच दिसला होता. इंटरनेटची पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्याच्या उभारणीतील एक तज्ज्ञ जॉन पोस्टेल यांनी १९७५ मध्येच एक टिपण लिहून, नकोसा मजकूर नाकारण्याची सोय घेणाऱ्या संगणकाकडे नाही, असे दाखवून दिले होते. पुढे ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या विक्री विभागातील गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण धाडले. छापील यादीतून पत्ते टंकित करून घेतलेले ते पत्र पहिले स्पॅम मानले जाते. त्यावर खूप तक्रारी झाल्या. पण चारशे पत्ते हाताने टंकित करण्याचे श्रम तरी त्याला पडले होते. पुढच्या काळात तेही उरले नाहीत.

सव्वीस दिवसांचे मोजमाप

आता मुख्य हिशेबाकडे येऊ. स्पॅम पाठवणारे आपला जमाखर्च प्रसिद्ध करीत नाहीत. मग तो कळणार कसा? कॅलिफोर्निया विद्यापीठाची बर्कली व सॅन डिएगो येथील संशोधक मंडळी २००८ साली एका युक्तीने तो मिळवू शकली.

त्या काळी 'स्टॉर्म' नावाचे एक मोठे जाळे स्पॅम पाठवीत असे. हे जाळे म्हणजे सर्वसामान्य लोकांचे, मालकांच्या नकळत वेठीला धरलेले संगणक. घरातला किंवा शाळेतला संगणक नेहमीसारखा चालू दिसतो, पण एखाद्या दूषित आज्ञावलीमुळे तो आतून दुसऱ्याच्या हुकुमाने पत्रे पाठवीत असतो. हुकूम वाहून नेणाऱ्या साखळीच्या मधल्या काही कड्यांमध्ये या संशोधकांनी शिरकाव केला. त्यांनी स्वतः जादा एकही पत्र पाठवले नाही. जी पत्रे जाणारच होती, त्यांच्यातील दुकानाचा पत्ता तेवढा बदलून त्यांनी आपल्या बनावट औषध-दुकानाचा पत्ता घातला. या दुकानात औषधे निवडता येत. पण पैसे देण्याची पायरी आली की 'अडचण आली आहे' असा निरोप दिसे. कोणाचेही पैसे घेतले गेले नाहीत. किती जण खरेदीपर्यंत पोहोचले, एवढीच नोंद झाली.

सव्वीस दिवसांची औषधांच्या जाहिरातींची नोंद अशी:

पाठवलेली पत्रे: ३४,७५,९०,३८९
घेणाऱ्याच्या टपाल-संगणकाने स्वीकारलेली: सुमारे ८ कोटी २७ लाख
दुकान पाहायला आलेले: १०,५२२
खरेदी करू पाहणारे: २८

यातील शेवटच्या आकड्याने पहिल्याला भागा. उत्तर येते सुमारे १ कोटी २४ लाख. म्हणजे इतक्या पत्रांमागे एक गिऱ्हाईक. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या जवळजवळ एवढीच होती. मुंबईतल्या तान्ह्या मुलापासून आजीआजोबांपर्यंत प्रत्येकाला एकेक पत्र पाठवावे आणि सगळ्या शहरातून एकाच माणसाने वस्तू घ्यावी, असा हा धंदा!

तो परवडतो का? या २८ खरेद्यांची एकूण रक्कम झाली असती २,७३१.८८ डॉलर. डॉलरचा त्या वेळचा दर सुमारे ४० रुपये धरला, तर एक लाख नऊ हजार रुपये. याला पत्रांच्या संख्येने भागले की एका पत्रामागची विक्री मिळते ०.०३ पैसे, म्हणजे एका पैशाला बत्तीस पत्रे. हीच पत्रे ५० पैशांच्या पोस्टकार्डावर पाठवली असती, तर सुमारे १७ कोटी ३८ लाख रुपये लागले असते. पोस्टकार्डाची किंमत एका पत्रामागच्या विक्रीच्या जवळपास सोळाशे पट आहे. कागदावर हा धंदा एक दिवसही चालणार नाही.

याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. अशी पत्रे भाड्याने पाठवून देणारे लोकही तेव्हा होते. त्यांचा दर दहा लाख पत्रांना सुमारे ८० डॉलर असल्याचे सांगितले जाई. म्हणजे एका पत्राला एक तृतीयांश पैसा! इतका क्षुल्लक दरही एका पत्रामागच्या विक्रीच्या दसपट ठरतो. यावरून संशोधकांनी असा तर्क केला की, संगणक वेठीला धरणारे आणि त्यांच्यामार्फत पत्रे पाठवून माल विकणारे बहुधा एकच असावेत. भाडे देऊन हे जमणारे नाही. त्यांनी पाहिलेला भाग स्टॉर्मच्या जाळ्याचा सुमारे दीड टक्काच होता. त्यावरून अशा विक्रीची सगळ्या जाळ्याची उलाढाल वर्षाला सुमारे ३५ लाख डॉलर असावी, असा अंदाज त्यांनी मांडला.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. खर्च शून्याजवळ असेल तर कितीही विरळ यश पुरते. आणि नफ्याची ही कड इतकी बारीक आहे की, पाठवण्याचा खर्च पैशाच्या अंशानेही वाढला तरी धंदा बुडू शकतो.

हसणाऱ्यांचाही वाटा

'आम्ही ती पत्रे वाचतच नाही. आमचे काय गेले?' असे पुष्कळजण म्हणतात. म्हणून उलट बाजूचा हिशेब करू. पोहोचलेल्या ८ कोटी २७ लाख पत्रांपैकी फक्त दहावा हिस्सा लोकांच्या नजरेस पडला आणि प्रत्येक पत्र पुसायला पाच सेकंद लागले, असे गृहीत धरू. हे आकडे आमचे, केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत. ८२ लाख ७० हजार गुणिले पाच सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेअकरा हजार तास. तासाला पन्नास रुपये एवढीच वेळेची किंमत धरली तरी पावणेसहा लाख रुपये होतात. एक लाख नऊ हजारांच्या विक्रीसाठी इतरांचे पावणेसहा लाख खर्ची पडले.

जस्टिन राव आणि डेव्हिड रायली या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडला. अमेरिकेतील कंपन्या व ग्राहक यांच्यावर स्पॅममुळे पडणारा भार त्यांच्या अंदाजाने वर्षाला सुमारे २० अब्ज डॉलर होता. स्पॅम पाठवणारे व त्यांचे व्यापारी यांची जगभरची मिळून कमाई मात्र सुमारे २० कोटी डॉलर. म्हणजे एकाला एक रुपया मिळावा म्हणून बाकीच्यांनी शंभर रुपये गमवायचे. चोराला जेवढे मिळते त्यापेक्षा घरमालकाचे नुकसान नेहमीच जास्त असते, पण हे प्रमाण फारच विषम आहे.

पत्र इतके अडाणी का?

एका शाळेत नववीच्या वर्गासमोर आम्ही हा हिशेब मांडला तेव्हा एका मुलीने विचारले, 'मग ते लोक पत्र नीट का लिहीत नाहीत? जरा खरे वाटेल असे लिहिले तर जास्त लोक फसतील ना?' प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर शोधताना जाहिरातीचे स्पॅम आणि फसवणुकीचे पत्र यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो.

फसवणुकीचे पत्र ही जुनी कला आहे. फ्रान्समधील विडॉक हा आधी गुन्हेगार आणि मग पोलीस अधिकारी झालेला माणूस. १८२८ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्याच्या आठवणींत तुरुंगातील कैदी धनिकांना लिहीत त्या पत्रांची हकीकत आहे: लपवलेला खजिना, संकटात सापडलेला सेवक आणि 'थोडे पैसे पाठवा' ही विनंती. अशा शंभर पत्रांपैकी वीस पत्रांना उत्तर येई, असे तो सांगतो. याच घाटाची पत्रे पुढे 'स्पॅनिश कैदी' या नावाने आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस नायजेरियाचे नाव घेऊन फिरू लागली. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातील ४१९ या कलमाखाली अशा फसवणुकीला शिक्षा आहे. म्हणून या प्रकाराला 'फोर-वन-नाइन' म्हणतात. एका मोठ्या देशाच्या नावाला त्याचा विनाकारण डाग लागला.

अशा फसवणुकीत दोन टप्पे असतात. पहिला टप्पा पत्र पाठवण्याचा, तो फुकट. दुसरा टप्पा उत्तर देणाऱ्याशी आठवडेच्या आठवडे बोलून विश्वास मिळवण्याचा. तो माणसानेच करायचा, म्हणून महाग. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली नेमका याच खर्चावर बोट ठेवून विचारले की, हे लोक आपण नायजेरियाचे असल्याचे सांगतात तरी का? त्यांचे उत्तर समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. प्रत्येक उत्तरामागे संभाषणाचा खर्च २०० रुपये आणि फसलेल्या प्रत्येकाकडून मिळकत १०,००० रुपये धरू.

पहिले पत्र खरे वाटेल असे आहे. त्याला १,००० जण उत्तर देतात. पण बहुतेकांना पुढे संशय येतो आणि १० जणच पैसे देतात. मिळकत १ लाख, खर्च २ लाख; तोटा १ लाख.

दुसरे पत्र अतर्क्य आहे. ज्यांना जरा जरी संशय येण्यासारखा आहे ते आधीच हसून बाजूला होतात. फक्त २० जण उत्तर देतात आणि त्यांतले ७ पैसे देतात. मिळकत ७० हजार, खर्च ४ हजार. नफा ६६ हजार.

म्हणजे पत्राचा अडाणीपणा हीच चाळणी आहे. आपले हसणे लबाडाच्या पथ्यावर पडते, कारण आपल्यावर त्याचा वेळ वाया जात नाही. उत्तर देणाऱ्यांतून न फसणारे वगळणे हीच त्याची खरी गरज असते.

म्हणूनच फसलेल्या माणसाला मूर्ख म्हणणे बरोबर नाही. ही चाळणी बुद्धी मोजत नाही. त्या वेळची गरज, एकटेपणा, घाई आणि या प्रकाराची माहिती नसणे या गोष्टी ती शोधते. मुलाच्या परदेशातील नोकरीची वाट पाहणाऱ्या बापाला नोकरीचे पत्र खोटे वाटत नाही. हॉस्पिटलचे बिल समोर असलेल्याला झटपट कर्जाचे पत्र देवदूतासारखे वाटते. कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचणाऱ्या पत्राला, आयुष्यातल्या नेमक्या त्या आठवड्यात असलेली चार माणसे मिळाली तरी पुरे.

दुसरा टप्पा स्वस्त झाला तर?

लबाडाचा खरा खर्च संभाषणाचा असेल, तर तो कमी करण्याकडेच त्याची धाव असणार. त्याचा एक भयानक मार्ग आपल्या शेजारीच दिसला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केले की, म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना कोंडून ठेवून त्यांच्याकडून सक्तीने असे फसवणुकीचे काम करून घेतले जात असावे. चांगल्या नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेले तरुण त्यांत होते. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने म्यानमारच्या सीमेवरील अशा केंद्रांतून सुटलेल्या शेकडो भारतीयांना विमानाने परत आणले. म्हणजे आपल्याशी गोड बोलणारा पलीकडचा माणूस स्वतःच एखाद्या खोट्या पत्राचा बळी असू शकतो. संगणकांपाठोपाठ माणसेही वेठीला धरली गेली.

दुसरा मार्ग यंत्राचा. २०२२ च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आलेल्या संभाषण करणाऱ्या संगणक-प्रणाली कोणत्याही भाषेत, मराठीतही, शुद्ध आणि न थकता पत्रे लिहू शकतात. संभाषण फुकटाजवळ आले की अडाणी पत्राच्या चाळणीची गरज कमी होते. 'शुद्धलेखनाच्या चुका असतील तर पत्र खोटे' हा नियम आपण मुलांना सांगत आलो; तो आता पुरेसा नाही.

खर्च कुठे वाढवायचा?

या हिशेबाचा खरा उपयोग उपाय तपासण्यासाठी होतो. प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारायचा: याने लबाडाचा खर्च नेमका कुठे वाढतो?

सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्येच सुचवले होते की, प्रत्येक ई-मेल पाठवण्यापूर्वी संगणकाला एक अवघड गणित सोडवायला लावावे. एकदोन पत्रे लिहिणाऱ्याला ते जाणवणार नाही, कोट्यवधी पाठवणाऱ्याला परवडणार नाही. कल्पना सुंदर होती. पण संगणकच वेठीचे असल्यावर गणित सोडवण्याचा खर्चही दुसऱ्याच्याच वीजबिलावर जातो.

मोबाइलवरील संदेशांबाबत आपल्या देशात थेट किमतीचा प्रयोग झाला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नोव्हेंबर २०१२ मध्ये एका सिमकार्डावरून दिवसाला १०० पेक्षा जास्त संदेश गेल्यास पुढील प्रत्येक संदेशाला किमान ५० पैसे आकार ठरवला. पाठवणाऱ्यांच्या नोंदणीची नवी व्यवस्था आल्यावर २०२० मध्ये हे बंधन उठवण्यात आले. रोलंड हिल यांचे तिकीट काही वर्षे पुन्हा अवतरले होते, असेच म्हणायचे.

ई-मेलच्या गाळण्या शब्दांच्या संभाव्यतेवरून पत्राची जात ओळखतात. त्या उत्तम काम करतात. मात्र चारांतले एकच पत्र पोहोचत असेल, तर लबाड चौपट पत्रे सोडतो. शिवाय शिष्यवृत्तीचे खरे पत्र कधी गाळात जाऊन पडते आणि मुलाची मुदत टळते. स्रोतावर घाव घालण्याचाही प्रयत्न झाला. नोव्हेंबर २००८ मध्ये मॅककोलो या कॅलिफोर्नियातील कंपनीचे जाळे तोडताच जगातले स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आले. पण काही महिन्यांत लबाडांनी नवी जागा शोधली.

मग चिंचोळी वाट कुठे आहे? संशोधकांच्या त्याच गटाने २०११ मध्ये स्पॅममधील वस्तू प्रत्यक्ष विकत घेऊन पैशाचा माग काढला. पत्ते लाखो होते, संगणक लाखो होते. पण औषधे, नकली वस्तू आणि संगणक-प्रणाली यांच्या जाहिरातींपैकी ९५ टक्के जाहिरातींचे पैसे अवघ्या तीन बँकांमधून जात होते. नवे संकेतस्थळ काही रुपयांत मिळते, नवी बँक मिळत नाही. पुढे कार्ड कंपन्यांनी अशी खाती बंद करायला सुरुवात केली, तेव्हा हे व्यापारी खरोखर अडचणीत आले.

वर्गात आणि घरी

हा हिशेब वर्गात जरूर करून घ्यावा. टक्केवारी, सरासरी, संभाव्यता आणि चलनाचे रूपांतर असे चार धडे त्यात एकत्र येतात. आमच्या काल्पनिक उदाहरणातील २०० रुपयांऐवजी २ रुपये घालून पाहायला सांगावे. पहिल्या पत्राचा नफा ९८ हजार होतो आणि दुसऱ्याचा सुमारे ७० हजार. म्हणजे संभाषण स्वस्त होताच खरे वाटणारे पत्रच जास्त फायद्याचे ठरते. यंत्रांच्या युगात काय बदलले, हे मुलांना स्वतःच कळेल.

एक गोष्ट मात्र हिशेबाबाहेर जाऊन सांगायला हवी. फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो, आणि ही लाज लबाडाचा खर्च आणखी कमी करते. पैशाची वाट चिंचोळी आहे, पण पैसा तिथून झपाट्याने पुढे सरकतो. १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर तत्काळ तक्रार केली, तर रक्कम मधल्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता असते. दोन दिवस मनात कुढल्यावर ती फारच कमी होते. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी असे घडले, तर ते न हसता ऐकून घेणारी एक तरी जागा त्याला असावी, आणि ती शाळा असावी.